पाहणी चालू आहे

रविवारी सकाळी पीटीच्या बाईंनी बागेचं फाटक उघडून आत पाऊल टाकलं, तेवढ्यात त्यांच्या डोक्यावरून काहीतरी सणकन गेलं आणि बाईंनी चक्क मान खाली घातली. ही गोष्ट साधी नव्हती. उभी हयात शाळेत पीटी शिकवलेल्या या बाईंनी मुख्याध्यापकांपुढे मान खाली घातली नव्हती, लग्नाच्या फोटोतसुद्धा घातली नव्हती. मागे फावडी आणि टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या मंडळींनी ते पाहिलं आणि लगेच सगळी इकडेतिकडे बघायला लागली.

मंडळी म्हणजे बाईंचं रविवार मंडळ. बिल्डिंगांमागचा हा प्लॉट वर्षानुवर्षं कोणाचाच नव्हता, म्हणून तो सगळ्यांचा उकिरडा होता. फाटक्या गाद्या, फुटकं कमोड, एक बिनचाकांची बाबागाडी आणि या सगळ्यावर माणूसभर उंच वाढलेली काटेरी झुडपं. नगरपालिकेला तिथे पार्किंग करायचं होतं. बाई तेव्हा नुकत्याच रिटायर झाल्या होत्या आणि हुकूम सोडायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून घरात मिस्टरांना चहा गाळताना ताठ उभं राहायला लावत होत्या. पार्किंगची बातमी कळताच त्या नगरपालिकेत गेल्या आणि त्यांनी असा आवाज लावला की आतल्या खोलीतले साहेब आपण होऊन बाहेर आले. साहेबांनी सुटकेसाठी अट घातली. उन्हाळा संपायच्या आत तिथे बाग करून दाखवा. आमचा माणूस पाहणीला येईल. लोक बाग वापरताना दिसले तर बाग राहील, नाही दिसले तर पार्किंग.

मग काय, दर रविवारी शिट्टी. एकदा वाजली की वाकायचं, दोनदा वाजली की सरळ व्हायचं. ज्यांनी जन्मात घरातली कुंडी उचलली नव्हती त्यांनी या प्लॉटमधून ट्रक भरून घाण काढली. झुडूप म्हणून एक शिल्लक ठेवलं नाही. भिंतीच्या कडेने जास्वंदीचे वाफे, मध्ये हिरवळ, जुन्या बदामाच्या झाडाखाली बाकं, आणि फाटकापासून त्या झाडापर्यंत स्वच्छ खडी. खडीचा हट्ट बाईंचा. फरशीवर माणसं पाय ओढत चालतात, खडीवर पाय उचलावा लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आता बागेत एक काडी वाकडी नव्हती आणि येत्या गुरुवारी पाहणी होती. बाईंच्या लेखी हे शाळेतल्या सगळ्या वार्षिक संचलनांपेक्षा मोठं संचलन होतं. ते फसलं तर इतक्या लोकांचे इतके रविवार मोटारींच्या चाकांखाली जाणार होते.

तर डोक्यावरून गेलेलं ते वळून परत आलं. बाईंनी शिट्टी फुंकली. वरून उत्तर आलं, "टिटिव-टिव, टिटिव-टिव," आणि ते शिट्टीपेक्षा मोठं होतं. बाईंनी पुन्हा फुंकली. पुन्हा उत्तर. तिसऱ्या वेळी बाईंचा दम संपला, वरच्याचा संपला नाही.

"टिटवी आहे," चष्मेवाले काका म्हणाले. कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. सगळ्या कॉलनीला बघायला शिकवणाऱ्या काकांना स्वतःला लांबचं लख्ख दिसायचं, जवळचं मात्र यथातथाच. "अंडी घातली असणार कुठेतरी. त्याशिवाय ही असं अंगावर येत नाही."

टिटवी तोवर हिरवळीवर उतरली होती आणि एक पंख जमिनीवरून ओढत, लंगडत लंगडत लांब निघाली होती. बाईंच्या नणंदबाईंना तिची दया आली. त्या वरच्या मजल्यावर राहायच्या आणि वहिनीचं पहिलं वाक्य संपायच्या आत दुसरं बोलायच्या. बिचारीला लागलंय, डॉक्टरकडे न्यायला हवं, असं म्हणत त्या मागे धावल्या. टिटवीने लंगडत त्यांना पार मागच्या भिंतीपर्यंत नेलं, आणि तिथे पोचल्यावर दोन्ही पंखांनी झकास उडून गेली.

"वन्सं, या परत," बाई म्हणाल्या. "लंगडणाऱ्या मुली पकडण्यात माझी अख्खी नोकरी गेली. मघाशी डावा पंख लोंबत होता. वळताना उजवा लोंबला. हे नाटक आहे."

आणि बोलता बोलता बाईंना मनातून त्या पक्ष्याचं कौतुक वाटलं. इतकं सफाईदार लंगडणं त्यांच्या शाळेत एकाही मुलीला जमलं नव्हतं.

पण नाटक ओळखलं म्हणजे संपलं असं नसतं. थोड्या वेळाने टिटवी जास्वंदीच्या वाफ्यात अंग फुगवून, पोट टेकून बसली. काकांनी लांबून पाहिलं आणि अंडी तिथेच आहेत हे छातीवर हात ठेवून सांगितलं. बाईंनी मंडळ कामाला लावलं. ढकलगाडीतून विटा आल्या, वाफ्याभोवती रिंगण झालं. रिंगण पुरं होतंय तोवर टिटवी बाकापाशी तशीच फुगून बसली. तिथेही विटा गेल्या. मग ती नळाजवळ बसली. सकाळभरात बागेत विटांची तीन रिंगणं उभी राहिली, तिन्हींत अंड्यांचा पत्ता नव्हता, आणि मंडळ घामाघूम होऊन फाटकातून विटा घेऊन आत-बाहेर करत होतं. टिटवी जिथे जिथे बसून दाखवायची तिथे तिथे ही शिस्तीची माणसं इमानदारीने भिंत बांधत होती.

नणंदबाईंना विटांची माती खडीवर सांडलेली बघवेना. त्यांनी खराटा घेतला आणि फाटकापासून झाडायला सुरुवात केली. झाडता झाडता खराटा मध्येच थांबला.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "ही खडी गोल का आहे?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. आधी कोणालाच काही दिसलं नाही. नुसती खडी. मग डोळे स्थिरावले आणि त्या खडीतूनच चार अंडी हळूहळू वर आल्यासारखी झाली. खडीच्याच रंगाची, खडीचेच डाग अंगावर, निमुळती टोकं आत करून एकमेकांना चिकटलेली. खराट्याचं टोक त्यांच्यापासून वीतभर होतं. ढकलगाडीच्या चाकाचा ओरखडा अगदी शेजारून, सकाळभर, कितीदा तरी गेला होता. क्षणभर नजर हलली की अंडी पुन्हा नाहीशी होत होती.

आणि मग प्रत्येकाच्या मनात एकच विचार आला. चार ही दिसली. आणखी कुठे असतील तर?

आठ-दहा माणसं होती तिथेच थिजली. प्रत्येक दगड आता अंडं वाटत होता. काकांचा एक पाय वर उचललेला होता, तो खाली कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. त्यांना जवळचं तर दिसतच नव्हतं. नणंदबाई खराटा हवेत धरून उभ्या होत्या आणि वर टिटव्या आता दोन झाल्या होत्या. बाईंनी तोंड उघडलं. नेहमीच्या आवाजात हुकूम दिला असता तर काका दचकून पडले असते, आणि नेमके कशावर पडले असते सांगता येत नव्हतं. म्हणून बाईंनी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. त्या हळू बोलल्या.

"आधी बोटं टेकवा. मग चवडा. मग टाच. मी सांगेन तसं मागे या."

"काय म्हणालीस?" भिंतीपलीकडे फुटपाथवर उभ्या असलेल्या मिस्टरांनी विचारलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना हे विचारायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

एकेक माणूस तसं पाऊल मोजत बाहेर आलं. शेवटी बाई आल्या आणि त्यांनी फाटक आवाज न करता लोटून घेतलं. टिटवी लगेच उतरली, तुरुतुरु चालत आली, अंड्यांवर वाकली, चोचीने काहीतरी सारखं केलं आणि बसली. बसली त्या क्षणी अंडी गेली आणि पाहता पाहता टिटवीसुद्धा गेली. उरली नुसती खडी आणि तिच्यातून त्यांच्याकडे बघणारा एक डोळा.

फुटपाथवर मीटिंग भरली. अडचण सरळ होती. बागेला फाटक एकच आणि फाटकाच्या आत चार पावलांवर बाळंतिणीची खोली. माणूस आत गेला की टिटवी उठणार, उठली की अंडी उन्हात. माणूस नाही गेला तर गुरुवारी पाहणीला बाग रिकामी, आणि रिकामी बाग म्हणजे पार्किंग. काकांनी भिंतीला शिडी लावून मागून उतरायचं सुचवलं, पण भिंतीवर नुसतं डोकं दिसलं तरी टिटवी उठते हे लगेच सिद्ध झालं. शिडीवर काकाच होते. नणंदबाईंचा तोडगा व्यवहाराचा होता. टोपलीत कापूस घालायचा, अंडी अलगद उचलायची, बदामाखाली सावलीत ठेवायची. तिलाही गार, आपल्यालाही वाट मोकळी. मिस्टर म्हणाले, "ती नाही मानायची." पण मिस्टरांचं म्हणणं ऐकायची कोणाला सवय नव्हती.

हे काम बाईंनी स्वतःकडे घेतलं. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्या टोपली घेऊन आल्या. मिस्टर मागोमाग छत्री घेऊन आले आणि फुटपाथवर थांबले. ऊन असं होतं की खडीवरची हवा हलताना दिसत होती. टिटवी घरट्यावर नव्हती. बाईंना वाटलं, बरं झालं. त्या आत गेल्या, बोटं, चवडा, टाच, आणि अंड्यांजवळ उकिडव्या बसल्या. हात पुढे केला.

टिटवी गळक्या नळाच्या डबक्यात उभी होती. पाय दुमडून तिने पोट पाण्यात टेकवलं, डावीकडे हलवलं, उजवीकडे हलवलं, पिसं फुलवली, पुन्हा टेकवलं. बाईंना रागच आला. घरात लेकरं भाजतायत आणि हिला आंघोळ सुचतेय. तेवढ्यात ती डबक्यातून निघाली आणि ठिबकत्या पोटाने सरळ पळत त्यांच्याकडे आली. या वेळी ओरडली नाही, अंगावर आली नाही, लंगडली नाही. बाईंचा हात तिथेच, अंड्यांच्या वर थांबलेला. त्या हाताखालून ती आत शिरली, बसली, आणि ओलं पोट अंड्यांवरून हळूहळू फिरवू लागली. खडीवर पाण्याचे थेंब पडले आणि पडताच सुकले.

मग दुसरी टिटवी आकाशातून उतरली आणि डबक्यात जाऊन पोट भिजवायला लागली. ती आली, ही उठली. ही पाण्यावर गेली, ती बसली. बाईंचा हात अजून तसाच होता आणि त्या हाताला पाण्याचा एक थेंब लागला. एवढीशी चिमूट, ना हात, ना भांडं, आणि भर उन्हात अंगावरून पाणी वाहून आणतेय. कोणी शिकवलं असेल हिला? शिट्टी न वाजवता?

बाई तशाच उकिडव्या बसून राहिल्या. किती वेळ ते त्यांनाही कळलं नाही. फाटकाबाहेर आल्या तेव्हा टोपली रिकामी होती आणि डोळे भरलेले होते.

"पाणी आणते ती अंगावरून," त्या मिस्टरांना म्हणाल्या.

"मागच्या उन्हाळ्यातही आणायची. तेव्हा याच प्लॉटात, मागच्या भिंतीकडच्या दगडगोट्यांत बसली होती. मी गॅलरीतून बघायचो."

"म्हणजे ही आपल्या आधीपासूनची?"

"हो. आपण सगळं साफ केलं ना. मग राहिली ती तुझी खडी."

"मला कधी बोलला नाहीत."

मिस्टरांनी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली. "मध्ये जागा मिळाली नाही गं," ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाईंना मात्र ते चांगलंच लागलं. घरापर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत आणि मिस्टर वाटभर टिटवीबद्दल बोलत राहिले. त्यांच्याकडे सांगण्यासारखं इतकं काही असेल असं बाईंना वाटलं नव्हतं.

संध्याकाळी बाईंनी फाटक बाहेरून बांधून घेतलं. बागेत कोणी जायचं नाही, पाहणी होईल तेव्हा बघू, असं त्यांनी मंडळाला सांगितलं. सांगितलं ते कुजबुजत, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. ओरडणाऱ्या बाईंशी वाद घालता यायचा, कुजबुजणाऱ्या बाईंची सगळ्यांना भीतीच वाटली.

बागेत जायचं नाही म्हटल्यावर मात्र सगळी कॉलनी बागेकडे लोटली. फुटपाथवर भिंतीला लागून स्टुलं, खुर्च्या, उलट्या बादल्या आल्या. डोकं कुठवर वर काढलं तर टिटवी उठत नाही हे काकांनी आपल्या डोक्यावर प्रयोग करून ठरवलं आणि तिथे भिंतीवर खडूने रेघ मारली. रेघेवर फक्त डोळे. लोक कामावर जाता जाता थांबायचे आणि कामाला उशिरा पोचायचे. सोमवारी टिटव्यांनी एका मांजराला भिंतीवरून पळवून लावलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण हाताला हात न लावता. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं रोजच्यासारखं भांडायला उभं राहिलं, पण खालून बाईंनी ओठांवर बोट ठेवल्यामुळे त्यांना कुजबुजत भांडावं लागलं. तसं भांडण फार वेळ टिकत नाही. भाजीवाला तोंड मिटून गाडी ढकलत यायचा आणि हातात दुधी धरून उभा राहायचा. एवढी माणसं आणि एवढी शांतता कॉलनीत कोणी कधी पाहिली नव्हती. बाई रोज उन्हात भिंतीशी उभ्या राहत, त्या ओल्या पोटाची ये-जा बघत आणि दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारख्या थक्क होत. गुरुवार जवळ येत होता. तरी फाटक उघडावं असं एकदाही वाटलं नाही.

गुरुवारी पाहणीसाहेब आले. हडकुळे, कपाळावर आठ्या, खांद्याला बॅग. समोर त्यांना दिसलं ते असं: बंद फाटक, आत चकचकीत रिकामी बाग, विनाकारण बांधलेली विटांची तीन रिंगणं, आणि बाहेर भिंतीला नाक लावून मुकाट उभी असलेली सगळी कॉलनी.

"बाग हीच का?" त्यांनी मोठ्याने विचारलं. पन्नास डोकी एकदम वळली आणि पन्नास बोटं ओठांवर गेली.

"हीच," बाई कुजबुजल्या.

"आत कोणी नाही?"

"चौघं आहेत. अजून बाहेर यायची आहेत."

"आणि ही माणसं आत का जात नाहीत?"

बाईंनी खरं होतं ते सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि आठ्या तशाच ठेवून म्हणाले, की त्यांना वाईट वाटतं, पण बाग वापरात आहे की नाही एवढंच बघायचा त्यांना अधिकार आहे. बागेत माणूस नाही, म्हणजे बाग वापरात नाही. वर तसं कळवावं लागेल, पुढच्या आठवड्यात पार्किंगवाले मोजमाप घ्यायला येतील.

बाईंच्या घशात आवाज दाटून आला होता, तो जुना, नगरपालिका हादरवणारा. तो काढला असता तर साहेब कदाचित बधलेही असते. पण टिटवी अंड्यांवर होती. बाईंनी आवाज गिळला.

"कळवा," त्या म्हणाल्या. "पण आलाच आहात तर पाहणी करून जा. एवढं स्टूल घ्या."

मिस्टरांनी आपलं स्टूल मोकळं केलं. साहेब नाइलाजाने चढले आणि रेघेवर डोळे आणले. त्यांना काही दिसेना. मिस्टरांनी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, फाटकाकडून चार पावलं, डोळा शोधा, आधी डोळाच दिसतो. साहेब शोधत राहिले. मग त्यांचे खांदे एकदम खाली आले. त्यांना दिसलं होतं. नेमकी तेव्हाच टिटवी उठली, डबक्याकडे गेली, आणि उन्हात ठिबकत परत आली.

साहेबांच्या खिशात फोन वाजायला लागला. त्यांनी झटकन दाबून कानाला लावला.

"हो साहेब. नाही साहेब... साहेब, जरा हळू बोलता का? नाही, तुमच्यावर ओरडत नाहीये, उलट... पाहणी चालू आहे." आणि त्यांनी फोन चक्क बंद करून खिशात टाकला.

ते उतरले तेव्हा दुपार कलली होती. बाई समोर उभ्या होत्या, निकाल ऐकायला आलेल्या मुलीसारख्या. साहेब कपाळ पुसत म्हणाले, "आज पाहणी पूर्ण झाली नाही. दुसऱ्या पक्ष्याची पाळी मला नीट बघता आली नाही. अर्धवट पाहणी वर पाठवता येत नाही."

"मग?"

"उद्या यावं लागेल."

शुक्रवारी साहेब आले ते स्वतःचं घडीचं स्टूल घेऊन. पुढच्या आठवड्यातही रोज आले. पाहणी चालू असेपर्यंत जागा कोणालाच देता येत नाही, हा नगरपालिकेचाच नियम होता आणि तो मोडायची कोणाची हिंमत नव्हती. पार्किंगवाले मोजमापाची फीत घेऊन आले आणि फीत गुंडाळून भिंतीशी उभे राहिले. एवढ्याशा बागेची पाहणी संपत कशी नाही हे बघायला ऑफिसातले वरचे साहेब संतापून गाडीतून उतरले. बाईंनी त्यांना बादली दिली. वरचे साहेब त्यांच्या ऑफिसात टेबल बडवून बोलण्याबद्दल प्रसिद्ध होते. ते बादलीवर चढले, बराच वेळ गप्प उभे राहिले, आणि खाली उतरून पाहणीसाहेबांना हळूच म्हणाले, "घाई करू नका. सखोल होऊ द्या."

असे आठवडे गेले. आणि एका सकाळी भिंतीवर नेहमीपेक्षा जास्त शांतता पडली. टिटवीच्या पोटाखालून एक लोकरीचा ठिपका बाहेर आला. त्याला केसाएवढे पाय होते. त्याने दोन पावलं टाकली, पडला, उठला, आणि जन्मल्याला अर्धा दिवसही झाला नसेल तोवर खडीवर चालू लागला. मागोमाग दुसरा, तिसरा. चौथ्याला वेळ लागला. सगळी कॉलनी श्वास धरून त्याची वाट बघत होती. तो निघाला तेव्हा नणंदबाईंनी तोंडात पदर कोंबला आणि काकांना रडू आल्यामुळे लांबचंही दिसेनासं झालं. इतक्या पिढ्यांच्या मुलींना चालायला शिकवून दमलेल्या बाईंना कोणीही न शिकवता पडलेलं हे पहिलं पाऊल बघायला मिळालं होतं, आणि त्यांना वाटलं की आपण फार मोठ्या ठिकाणी उभ्या आहोत.

पण टिटव्यांना त्या चकचकीत बागेत काही राम दिसला नाही. खायला किडा नाही, लपायला पान नाही. मोठी पुढे झाली, पिल्लं रांगेत मागे, आणि वरात फाटकाखालून सरळ रस्त्यावर आली. समोरून पाण्याचा टँकर येत होता. बाई दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. टँकरवाल्याचा हात हॉर्नवर गेला, बाईंनी नुसतं पाहिलं, आणि तो हात गुपचूप खाली आला. वरात रस्ता ओलांडून पलीकडे गेली. पलीकडे नाल्याच्या काठाने एक पट्टी होती. गुडघाभर रानगवत, काटेरी झुडपं, दगडगोटे, कोणी ढुंकूनही न बघितलेली. पिल्लं तिच्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

मग फाटक उघडलं. पाहणीसाहेब आज बॅग घेऊन आले होते आणि जरा हळवे झाले होते. "चला, आत चला सगळे," ते म्हणाले. "आता पाहणी पूर्ण करतो."

सगळे आत गेले. इतक्या रविवारांची मेहनत, पण आत जाऊन काय करायचं हे कोणालाच सुचेना. घटकाभर बाकांवर बसून पाहिलं. मग एकेक करून लोक उठले आणि आतल्या बाजूने भिंतीशी रिंगणांच्या विटा रचून त्यांवर उभे राहिले, पलीकडच्या रानगवतात काही हलतंय का बघत. साहेबांनी मोजून पाहिलं. बागेत भरपूर माणसं होती. कोणाचं बागेकडे लक्ष नव्हतं, पण तसं काही अटीत नव्हतं.

"बाग वापरात आहे," त्यांनी जाहीर केलं. "पार्किंग रद्द. बाग तुमची."

इतके महिने बाई ज्यासाठी झुरल्या होत्या ते वाक्य हेच. त्यांनी डोळे मिटून घेतले. मिस्टरांनी त्यांचा हात धरला तो त्यांनी सगळ्यांसमोर धरू दिला.

नणंदबाईंना मात्र धीर कुठला. विळा त्यांनी आणलेलाच होता. "वहिनी, हात मोकळेच आहेत. ते समोरचं रान बघवत नाही. चार रविवारांत साफ करून टाकू."

"मीही तेच सुचवणार होतो," साहेब उत्साहाने म्हणाले. "ती पट्टी वरच्या साहेबांनी तुमच्या मंडळालाच द्यायचं ठरवलंय. बक्षीस म्हणून. कधीपासून सुरुवात करता?"

मंडळ बाईंकडे बघू लागलं. बाईंनी नणंदबाईंच्या हातातला विळा काढून घेतला आणि बाकाखाली सरकवून दिला. मग भिंतीपलीकडे, त्या अस्ताव्यस्त गवताकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"साहेब, अशी घाई चालायची नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्या जागेची आधी पाहणी करावी लागेल."

"किती दिवस?"

"सखोल."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग गवताकडे पाहिलं. पुढे काही न विचारता त्यांनी खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि बाजूला सरकून भिंतीशी बाईंना उभं राहायला जागा करून दिली.